पाच नारळांचं तोरण

गुरुवार, डिसेंबरचा पहिला आठवडा. मांडवीतली आमची वरच्या मजल्यावरची खोली. हजर: कामाची आखणी बघणारी मी, पूर्णगडचा प्रोग्रामर, दापोलीजवळच्या मुरुडची चित्रकार आणि प्रोग्रामरचे काका. काका गावात गाऱ्हाणं घालतात. एआयला हजेरीत धरायचं का, असं चित्रकार म्हणाली. "चहा पीत नाही, रजा मागत नाही. नको," मी म्हटलं. त्या दिवशी हसलो ते एवढंच.

आम्ही मासेमारी होडीचा मोबाइलवरचा खेळ करत होतो. होडी पाण्यात लोटण्याआधी त्यात गाऱ्हाणं हवं होतं. जाणता माणूस देवाला हाक मारून मागणं मांडतो आणि जमलेले प्रत्येक ओळीला "होय महाराजा" म्हणतात, तसं.

एआयची कामं मी आधीच ठरवून दिली होती. आम्ही घरी गेल्यावर त्यानं खेळ पुन्हा पुन्हा खेळून चुका शोधायच्या. होडी खाडीच्या तोंडाशी अडकते, हे त्यानंच पकडलं होतं. चित्रं आणि आवाज माणसांचे. मजकुराचा कच्चा खर्डा त्यानं करायचा आणि तो आम्ही तपासायचा.

काकांनी फोनवरच बजावलं होतं, "आमच्या देवाचं गाऱ्हाणं खेळात नको हां. दुसरं लिवून ठेवा." म्हणून तेही एआयकडून लिहून घेतलं. तिघांनी वाचलं. भाषा बरी होती.

काकांना बारीक अक्षर दिसत नाही. रेकॉर्डिंग सुरू केलं. पुतण्या एकेक ओळ सांगत गेला आणि काका ती म्हणत गेले. पण दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज बदलला, हात जोडले गेले, चपला त्यांनी पायानंच बाजूला सारल्या. आम्हीही उभे राहिलो. वर्षाच्या आत पाच नारळांचं तोरण बांधीन, या शेवटच्या ओळीला आम्ही तिघं मोठ्यानं म्हणालो, "होय महाराजा!"

काका खाली बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "देव कुठला रे हा?"

पुतण्यानं चित्रकाराकडे बघितलं. "तुमच्या दापोलीकडचा ना?"

"आमच्याकडचा? मला वाटलं तुमच्या पूर्णगडाकडचा."

मला तो राजापूरच्या बाजूचा वाटला होता. कोकणात गावागणिक देव वेगळा. अनोळखी नाव वाचून आम्हा कुणालाच नवल वाटलं नव्हतं.

एआयला विचारलं. त्यानं लगेच गाव सांगितलं, देऊळ डोंगराच्या उतारावर आहे असंही सांगितलं. रविवारी पुतण्या मोटारसायकलवर जाऊन आला. गाव होतं, डोंगर होता. देऊळ नव्हतं. पुन्हा विचारल्यावर एआयनं माफी मागून दुसरं गाव सांगितलं. तिथली म्हातारी माणसंही नाही म्हणाली. तिसऱ्यांदा आम्ही विचारलं नाही.

"काका, यंत्रानं बनवलेलं नाव आहे. रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं," पुतण्या म्हणाला.

"तुझ्या मशीनमधून पुसलंस. माझ्या तोंडातून गेलंय त्याचं काय? आणि तुम्ही तिघं होय म्हणालात."

"मग आपल्या देवळात बांधू या तोरण," चित्रकार म्हणाली.

"एकाला बोललेलं दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं? शिकलेली ना तू, पोरी?" काका रागावले नव्हते. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

मी नवा नियम लिहून भिंतीवर लावला: देव, गाव, जात, औषध आणि वारा यांबद्दल एआयनं लिहिलेलं काहीही माणसाच्या तोंडी देण्याआधी त्या जागी जाऊन विचारायचं. आपसात विचारायचं नाही. नियम चांगला आहे. काकांना त्याचा उपयोग नाही.

शिमग्याला पालखी बाहेर पडली तेव्हा मी पूर्णगडला गेले होते. गाऱ्हाण्याला माणसं जमली. काका मागे, गडग्याच्या दगडी भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीतरी हाक मारली, "अहो, या की पुढं! देव खोळंबलाय." त्यांनी मान हलवली. "माझं एक बाकी हाय. बाकी असताना दुसरं मागू नये." शेवटी एका तरुणानं गाऱ्हाणं घातलं. तो मध्ये दोनदा अडला. दोन्ही वेळा काकांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

परतताना पुतण्या म्हणाला, "घरीपण बोलत नाहीत हल्ली. अंगणात बसून असतात."

खेळ वेळेत पूर्ण झाला. त्यातली होडी गाऱ्हाण्याशिवायच पाण्यात जाते. लोकांना आवडतो. कुणी काही विचारत नाही.

कामांच्या फळ्यावर आता एकच ओळ उरली आहे: तोरण बांधणे. त्यापुढे ठिकाण लिहायची जागा मोकळी आहे. नारळ आणून ठेवलेत, खिडकीखाली. काल झाडताना पाहिलं, एकाला कोंब आला आहे. तो बदलायला हवा.