लेडीज साईडची लेन्स

लेन्स कशी निवडली असं कुणी विचारलं की मी निम्मंच खरं सांगते. धंद्यात नव्यानं आलेल्या मुली फोन करतात, "ताई, मिररलेस कॅमेऱ्याला स्टँडर्ड झूम लेन्स कोणती घेऊ?" आणि मी शहाण्या बाईसारखी सांगते, की घाई करू नकोस, दोन्ही वापरून बघ, मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लाव, मग ठरव. सल्ला चांगला आहे. मी स्वतः अगदी तसंच केलं होतं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मी लग्नांचे फोटो काढते. आता बहुतेक मुस्लिम लग्नांतले, आणि तेही फक्त बायकांच्या बाजूचे. सुरुवात आमच्या पडेगावच्या विहारातल्या लग्नांपासून झाली. तिथं पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, पांढऱ्या भिंती. उजेडाची कधी चिंताच नव्हती. पुढं छावणीतल्या एका घरानं बोलावलं, कारण त्यांना फोटोग्राफर बाईच हवी होती आणि अशा बाया शहरात बोटावर मोजण्याइतक्या. मग एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि मी त्याच कामाची होऊन गेले.

लेडीज साईड म्हणजे हॉलचा पडद्यापलीकडचा भाग. मोठे दिवे, फुलांचं स्टेज वगैरे थाट पुरुषांकडं. बायकांच्या वाट्याला दोन ट्यूबलाइट आणि एक कोपरा. फ्लॅश मारला की कपड्यांवरची जर नुसती चकाकते आणि बायका डोळे मिटतात. माझ्या नव्या कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स तिथं हात टेकायची. जरा झूम केलं की तिचं तोंड आणखी बारीक व्हायचं, उजेड कमी, आणि फोटोभर रव्यासारखे दाणे. मला हवी होती ती 'फास्ट' झूम, सगळ्या झूमभर तोंडाचा आकडा टू पॉइंट एटच राहणारी. म्हणजे तोंड मोठं, आणि आत उजेडच उजेड.

बाजारात माझ्या कामाच्या अशा दोन होत्या. एक कॅमेऱ्याच्याच कंपनीची, चोवीस ते सत्तर, वजनदार आणि महाग. दुसरी बाहेरच्या कंपनीची, अठ्ठावीस ते पंच्याहत्तर, हलकी आणि जवळपास निम्म्या किमतीत. आकडा जितका लहान, तितकं फोटोत जास्त मावतं. कागदावर चोवीस आणि अठ्ठावीसमध्ये काही फरक दिसत नाही. पण पाठ भिंतीला टेकवून सोफ्यावरच्या बायकांचा फोटो काढायचा असेल, तर तो फरक म्हणजे कडेची एक अख्खी मावशी. ती आत येणार की बाहेर राहणार एवढ्यासाठी मी चार महिने व्हिडिओ बघत होते. नवरा म्हणाला, "माझ्या टायमाला यवढा इचार केला असतास तर सुटली असतीस." मी म्हटलं, "व्हय, तेव्हा ट्रायल मिळत नव्हती ना."

लेन्सला मात्र ट्रायल मिळाली. औरंगपुऱ्यातल्या ज्या दुकानातून मी सगळं सामान घ्यायची, तिथले मालक वयस्कर होते. आम्ही सगळे फोटोग्राफर त्यांना चाचा म्हणायचो. माझ्या प्रश्नांना कंटाळून त्यांनी दोन्ही डबे माझ्यापुढं ठेवले. "दोनों ले जा बेटा. एक शादी कर ले दोनों पे. जो पसंद आई वो रख ले, दूसरी वापस." ना चिठ्ठी, ना सही. विश्वासावर धंदा करणारा माणूस.

ती शादी छावणीतल्याच एका घरातली निघाली. नवरीच्या आईला मी आपा म्हणायची. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. दुधवाल्याशी बोलतानासुद्धा ओढणी तोंडावर घेऊन दाराआडून बोलणाऱ्या. बोलणी करायला गेले तेव्हा त्यांनी पैशांचं काही विचारलंच नाही. एकच विचारलं, "ताई, ये फोटो कौन कौन देखता?"

"कुणीच नाही. माझ्या नवऱ्यालाही दाखवत नाही. तुमच्या समोर तुमच्या पेन ड्राइव्हवर टाकते, तुमच्या समोर कार्ड पुसते. अल्बम त्याच पेन ड्राइव्हवरून माझ्या घरच्या प्रिंटरवर मी स्वतः काढते."

हे मी छाती पुढं काढून सांगितलं. खरंही होतं ते. माझी फोटोग्राफी शहरातल्या पन्नास जणांसारखीच आहे. मला बोलवायचे ते या एका गोष्टीसाठी.

लग्नात आपांना मी पहिल्यांदा मोकळं पाहिलं. पाठीवर केस, केसांत गजरा, ढोलक घेऊन बसलेल्या आणि विहिणीला चिडवणारी गाणी गाणाऱ्या. एका ओळीला स्वतःच इतक्या हसल्या की गाणं थांबलं. बसल्या होत्या नेमक्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं असेल? लेन्स तपासायला याच्यापेक्षा वाईट उजेड मिळणार नाही, हे आलं. एक फोटो काढला, पटकन लेन्स बदलली, म्हटलं, "आपा, हलू नका, परत एकदा तस्संच हसा." त्या परत हसल्या. मी परत काढला. माझ्यावर एवढा भरवसा की विचारलंसुद्धा नाही, कशाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी बसून मी फोटो पेन ड्राइव्हवर उतरवले, कार्ड बाहेर काढून दाखवलं, पुसलं. आपा समाधानानं शीरखुर्मा आणायला आत गेल्या. माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात. एकावर फोटो, दुसऱ्यावर त्याचीच नक्कल, म्हणजे एक खराब झालं तरी काम बुडत नाही. आपांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. दुसरं कार्ड पुसायचं राहिलंय हे मी विसरले होते असं मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलंय. विसरले नव्हते. फक्त ते दोन फोटो ताडून बघते आणि आजच पुसते, असं ठरवून मी तो शीरखुर्मा चाटूनपुसून खाल्ला.

तिथून निघाले ती थेट औरंगपुऱ्यात. घरच्या जुन्या लॅपटॉपवर बारकावा दिसत नव्हता आणि दुकानात भला मोठा टीव्ही होता. चाचा नमाजला गेले होते. काउंटरवर त्यांचा माणूस होता आणि दोन ओळखीचे फोटोग्राफर चहा पीत बसले होते. कार्ड लावलं. आपांचे दोन चेहरे टीव्हीवर शेजारी शेजारी आले, दाराइतके मोठे, रस्त्याकडं तोंड करून.

आणि आम्ही सुरू झालो. आधी डावीकडचा मोठा केला, मग उजवीकडचा. कुणी म्हणालं पापण्या बघा, एकेक केस मोजता येतोय. कुणी म्हणालं दातांच्या कडेला निळसर रेघ येतीय. गळ्याजवळचा तीळ एकात ठसठशीत होता, दुसऱ्यात जरासा विरघळलेला, त्यावर वाद झाला. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी उठून टीव्हीपाशी गेले आणि आपांच्या गालावर बोट ठेवून त्या तिघांना कातडीचा पोत समजावून सांगत होते.

तेवढ्यात चाचा आले. उंबऱ्यात पाय ठेवला, एकदा वर पाहिलं आणि लगेच पाठ फिरवून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. मला वाटलं कुणी हाक मारली असेल. मग ते तसेच पाठमोरे बोलले, अगदी हळू.

"बेटा, जनाने की फोटो है ना ये? बंद करो."

त्यांच्या माणसानं घाईघाईत टीव्हीची वायरच उपटली. चाचांनी "हो गया?" विचारलं, आणि हो म्हटल्यावरच आत आले. ओरडले असते तर मी भांडले असते. मला भांडता चांगलं येतं. ते फक्त माझ्याकडं न बघता म्हणाले, "तो फिर, कौनसी?" हाताजवळ जी होती ती मी 'ही' म्हणून पुढं सरकवली. ती अठ्ठावीसची होती. चार महिन्यांचा अभ्यास असा संपला. कुठली जास्त शार्प होती, ते मला आजही सांगता येणार नाही. कार्ड मी तिथंच पायरीवर बसून पुसलं.

पुढं काहीच झालं नाही. कुणाला कळलं नाही, कुणी बोललं नाही. उलट आपांनी माझं नाव इतक्या ठिकाणी सांगितलं की त्या हिवाळ्यात मला एक रविवार मोकळा मिळाला नाही. नवीन घरी गेलं की बायका म्हणायच्या, "इनके पास से फोटो बाहर नै जाती." मी मान डोलवायची आणि माझे कान गरम व्हायचे. काम मिळत होतं, नवी लेन्स अंधारातून चेहरे उचलून आणत होती, आणि मला माझीच किळस येत होती.

पाच-सहा महिन्यांनी आपा रिक्षा करून एकट्या पडेगावला माझ्या घरी आल्या. पिशवीत पेन ड्राइव्ह. त्यांना त्यांचा तो हसतानाचा फोटो मोठा करून हवा होता, आतल्या खोलीत लावायला. प्रिंटर सुरू केला. फोटो वरून हळूहळू खाली यायला लागला, आधी गजरा, मग कपाळ. आपा खुर्ची ओढून त्याच्यासमोरच बसल्या.

"मेरे निकाह के बाद मैं मेरेकू हँसते हुए पैली बार देखी ताई," त्या म्हणाल्या. मग जरा लाजून, "तुम ये फोटो दो-दो बार निकाले. इत्ती अच्छी लग रई थी क्या मैं?"

मला ते सोसलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. दुसरं कार्ड, दुकान, टीव्ही, सगळं. दोनदा का काढला तेसुद्धा सांगितलं. सांगताना मी रडत होते आणि आतून कुठंतरी बरंही वाटत होतं, की चला, सुटले एकदाची. आता त्या चिडतील, मग पाठीवर हात ठेवतील, असं माझं मी धरून चालले होते.

आपा चिडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कित्ते लोगां थे?"

"चाचा धरून चार. चाचांनी तर लगेच पाठ फिरवली."

"हँसे?"

"नाही हो आपा. कुणी तुम्हाला बघतच नव्हतं. सगळे लेन्स बघत होते." हे मी त्यांना धीर द्यायला म्हणाले, आणि तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते.

प्रिंटर थांबला होता. आपांनी फोटो उचलला नाही. उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर दौलताबाद रोडवरून ट्रक जात होते.

"तुम नै बताते तो मेरेकू मालूमच नै होता," तिकडं बघतच म्हणाल्या. "मैं ये फोटो देख के खुश रैती. वो बोझा तुम्हारा था ताई, तुम रखते. मेरेकू कायकू दिए?"

माफी मागणं म्हणजे मोठेपणा असं मी तोवर समजत होते. मला हलकं व्हायचं होतं, आणि त्यासाठी मी त्यांच्या वाट्याचं एक हसू काढून घेतलं होतं. आपांनी चहा घेतला, कपबशी स्वतः विसळून ठेवली, फोटो उलटा करून पिशवीत घातला आणि गेल्या.

आता त्या घरातून फोन यायचा नाही, हे मी गृहीत धरलं होतं. गेल्या हिवाळ्यात आला. धाकटीचं लग्न ठरलं होतं. "आप ही आना," आपा म्हणाल्या, नेहमीच्या ठणठणीत आवाजात. मी दिवसभर उड्या मारत होते. नवऱ्याला म्हटलं, केलं बाबा माफ एकदाचं.

हॉलवर गेल्या गेल्या आपांनी मला मिठी मारली, पोट भरल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही म्हणून बिर्याणीची प्लेट हातात दिली, थोरलीचं तान्हं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. पडद्याआड सगळ्या बायकाच. आपांचे केस मोकळे, ओढणी खांद्यावर, ढोलकजवळ बसून त्या कुणाची तरी खेचत होत्या. मी हात धुतले, लेन्सवरचं झाकण काढलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

आपांनी गाणं न थांबवता ओढणी उचलून डोळ्यांपर्यंत चेहरा झाकून घेतला.

मला वाटलं चुकून असेल. कॅमेरा खाली घेतला. ओढणी खाली आली, त्या माझ्याकडं बघून छान हसल्या. परत लावला, परत ओढणी. रागानं नाही, मला शिक्षा करायची म्हणून तर मुळीच नाही. बोलता बोलता, सवयीनं, दारात परका पुरुष आला की हात आपोआप वर जातो तसा.

"आपा," मी जवळ जाऊन म्हटलं, "मी आहे."

"हौ ताई," ओढणीआडून त्या म्हणाल्या, "मालूम है."