भिंतीवरचा व्ह्यू

मशीनवर रुसणारा माणूस अख्ख्या तळोज्यात एकच होता, आणि नशिबानं तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आमच्या केमिकल कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि हे गृहस्थ त्यावर व्ह्यू लिहायचे. व्ह्यू म्हणजे फार काही नाही हो! माहिती मूळ तक्त्यातच राहते, त्यातलं कोणाला काय दिसावं एवढं लिहून ठेवायचं. पण लिहावं तर यांनीच. प्रत्येक अट नव्या ओळीवर, समास सोडून, शेजारी टिपा. मुलीला बोहल्यावर चढवावं तसा नटवून व्ह्यू मशीनच्या हवाली करायचे. आणि मशीन? टिपा पुसून, ओळी मोडून, सगळं एका लांबड्या ओळीत कोंबून ठेवायचं. "मेल्यानं पार चोळामोळा केला!" म्हणत हे दिवसभर कोणाशी बोलत नसत, डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खात. शेवटी जाहीर केलं, "त्यानं ठेवलेलं ते ध्यान मी पुन्हा बघणार नाही." स्वतःच्या अक्षरातल्या प्रती भिंतीवर डकवल्या, काही अडलं की त्याच वाचायच्या. आम्ही खूप हसायचो.

त्यातला एक व्ह्यू कामगारांच्या तब्येतीचा. तो बघून सुपरवायझर माणसं ॲसिडच्या शेडमध्ये पाठवायचा. यांनी लिहिलं होतं, सगळे कॉलम दाखव. मशीननं मात्र त्या दिवशी होते तेवढ्याच कॉलमांची नावं लिहून घेतली होती. पुढे डॉक्टरांनी फुप्फुसाच्या तपासणीचा नवा कॉलम वाढवून घेतला. तो तक्त्यात भरला जायचा, व्ह्यूमध्ये यायचा नाही. सुपरवायझरनं फोन केला, "साहेब, नवीन तपासणीचं काय दिसत नाय इथे." यांनी भिंतीकडे पाहिलं. "सगळे असं लिहिलंय ना! दिसत नाही म्हणजे डॉक्टरांनी भरलं नसेल. टेन्शन घेऊ नका." मशीनला विचारलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. नावडे गावचा एक फिटर, यांचा जेवणाच्या सुट्टीतला पत्त्यांचा भिडू, शेडमध्ये जात राहिला आणि एक दिवस तिथेच कोसळला. तक्त्यात त्याच्या नावापुढे डॉक्टरांनी 'शेडमध्ये पाठवू नये' असं केव्हाच भरलं होतं.

मॅनेजर म्हणाले, "मशीनची चूक म्हणू, विषय मिटेल." हे उभे राहिले. "मशीननं काय ठेवलंय ते सरळ दाखवलं असतं, साहेब. मीच बघितलं नाही." तोवर मला त्यांचा संताप आला होता, खोटं कशाला बोलू? पण ते ऐकल्यावर तो टिकला नाही.

फिटर वाचला, फुप्फुसं गेली. हे दर रविवारी त्याच्याकडे जायचे. एकदा त्याची बायको दारातच म्हणाली, "साहेब, नका येऊ आता. तुमी आले का ते उठून बसतात, न् उठले का धाप लागते." तेव्हापासून हे घरात गेले नाहीत, पण रविवारही चुकवला नाही. समोरच्या टपरीवर बसायचे. एकदा मीही सोबत गेलो. बराच वेळ घरातून काहीच आवाज नाही. यांच्या हातातला चहा निवून गेला. मग आतून खोकला ऐकू आला, लांबलचक.

"आहे," ते म्हणाले, आणि गार चहा पिऊन टाकला.