बाबा, पूर्व तिमोर आणि टाकीखालचा बाक

माझ्या वडिलांना पूर्व तिमोर या देशाची जेवढी काळजी होती, तेवढी तिथल्या लोकांना तरी असेल की नाही, शंका आहे. समुद्रातलं अर्धं बेट, एवढाच तो देश. शेजारच्या दहा देशांनी मिळून एक संघ केलेला, आणि त्या संघात आपल्यालाही घ्या म्हणून हा बिचारा दहा वर्षांहून जास्त काळ उंबऱ्यावर उभा. बाबा पेपरातली आतली पानं वाचून ही माहिती गोळा करायचे आणि मी पोळ्या लाटत असताना मला ऐकवायचे. मला पळायलाही जागा नसायची.

बाबा आर्वीला शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. आई गेल्यावर ते तिथेच एकटे राहिले. राहिले म्हणजे चहात बिस्किटं बुडवून राहिले. एकदा न कळवता गेले, तर गॅसच्या शेगडीवर धूळ बसलेली. मी तिथेच उभ्याउभ्या भांडले आणि त्यांना हिंगणघाटला माझ्या घरी घेऊन आले. एसटीत बसल्याबसल्या त्यांनी अट घातली, "पुढच्या दिवाळीपर्यंत राहून पाहातो बाई. मन नाई लागलं तर मी आपला आर्वीले वापस." मी हो म्हटलं खरं, पण मला ती शेगडी दिसत होती. हा माणूस परत गेला तर हळूहळू संपणार, हे मला अगदी स्पष्ट कळत होतं.

आता मन लावायचं कुठे? मी आणि नवरा सकाळीच कामावर जातो. आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, पाण्याच्या टाकीखाली सिमेंटचा एक बाक आहे आणि त्यावर दोन्ही वेळा चार म्हातारे बसतात. म्होरक्या म्हणजे कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेला एक फिटर. बाकीच्या तिघांचं काम म्हणजे तो जे म्हणेल ते खोडून काढणं. मी बाबांना तिथे पाठवलं.

पहिल्याच दिवशी कोणीतरी बोलण्याच्या ओघात श्रीलंकेची राजधानी कोलंबो म्हणाला. झालं. बाबांनी काडीने मातीत नकाशा काढून खरी राजधानी दाखवली. दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा चौघेही "या गुरुजी" म्हणत उठून उभे राहिले. बाकावर पाचव्याला जागा होती की नव्हती, ते बाबांनी पाहिलंच नाही. ते समोरच्या नालीच्या कठड्यावर जाऊन बसले. आणि तिथेच बसू लागले.

तेव्हाच पेपरात आलं होतं की पूर्व तिमोरला संघाने दोन वर्षांपासून नुसतं निरीक्षक म्हणून ठेवलंय.

"निरीक्षक म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"सगळ्या बैठकायले जाचं, समोर बसाचं, ऐकाचं. मत द्याचं नाई." पेपराची घडी घालत ते म्हणाले, "म्हणजे मीच."

तेव्हापासून आमच्या घरात दोन देशांचा कारभार सुरू झाला. तिमोरला म्हणे सगळ्या सभासद देशांत वकिलाती उघडाव्या लागल्या होत्या. बाबांनी ते मनावर घेतलं. इस्त्रीचा सदरा घालून ते एकेका म्हाताऱ्याकडे चहाला जाऊन आले. चौथ्या घरून शेव-चिवडा खाऊन आल्यावर म्हणाले, "वकिलाती झाल्या. आता पाहू." मी हसून हसून खाली बसले. त्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

हिवाळ्यात बाकवाल्यांनी रोडग्यांचा बेत केला. आमच्याकडे हा सैपाक पुरुषांचा. शेतात गोवऱ्यांचा विस्तव करायचा, कणकेचे गोळे त्यात पुरायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. बाबांना बोलावणं आलं. मी तर ठरवूनच टाकलं की झालं, देश संघात गेला. रात्री बाबा आले ते तोंड पाडून.

"जेवण नव्हतं का चांगलं?"

"चांगलं होतं. मले चटईवर बसवलं. गोवरी उचलाले गेलो तर हातातून काढून घेतली. 'तुमी बसा गुरुजी.' तूप तर इतकं वाढलं की रोडगा पोहाले लागला. पाहुण्यालेच वाढतेत बाई इतकं तूप."

मला त्या म्हाताऱ्यांचा असा राग आला की दुसऱ्या दिवशी गाडी काढून मी टाकीकडे निघालेच होते. बाबा फाटकात आडवे झाले. "शिफारशीनं कोणी संघात जात नसते," म्हणाले. मी गाडी आत लावली आणि दिवसभर नवऱ्यावर चिडले. त्याचा यात काहीच दोष नव्हता, पण तो समोर होता.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. बाबा दोन्ही वेळा कठड्यावर जाऊन बसत. मी भाजीला जाता-येता पाहायची. चौघे इकडे, एक तिकडे. मध्ये रस्ता. जेवणाच्या वेळी ते आर्वीच्या घराचा विषय काढू लागले. कौलं शेकारून घेतली पाहिजेत, म्हणायचे. मी ऐकू न आल्यासारखी भात वाढायची.

दिवाळी झाली. बाबांनी बॅग भरली. मी दोनदा भांडले, एकदा रडले. ते म्हणाले, "बोली होती आपली." निघायचा दिवस रविवार होता, आणि गंमत पाहा, त्याच दिवशी तिकडे दूर त्या संघाची मोठी बैठक भरून पूर्व तिमोरला सभासद करून घेणार होते. बाबा चप्पल घालता घालता म्हणाले, "तू पाहून सांगजो मले फोनवर." मी त्यांच्या डब्यात उगाच चौथी पोळी कोंबली.

तेवढ्यात फाटकासमोर लूना थांबली. फिटरकाका. उतरलेही नाहीत.

"काहो गुरुजी, गोवऱ्या कुठं हायेत?"

बाबा बॅग हातात घेऊन तसेच उभे. "कोणत्या गोवऱ्या?"

"कोणत्या म्हणजे? रोडगे हायेत आज. तिघं जण सकाळपासून वावरात बसून राह्यले. पहिल्या साली नव्यानं फुकट जेवाचं, दुसऱ्या साली गोवऱ्या त्याच्याकडं. आपल्या बाकाची रीतच हाय ना ते."

"मले कोणी सांगतलं नाई."

"आता हे काय सांगाचं असते? मांगच्या साली जेवू घातलं तवाच तुमी आमच्यातले झाले."

मग मात्र मला राहवेना. "काका, वर्षभर ते समोर कठड्यावर बसून राहिले. एकदा तरी बाकावर या म्हणाले का तुम्ही?"

फिटरकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिला काही कळत कसं नाही. "आमाले वाटलं गुरुजीले तिथंच बरं वाटते. मास्तर माणूस. समोर बसल्याबिगर त्याले करमन काय? आमी तर बाकावर एक जागा सोडूनच बसतो. कोणी हिकडं आलंच नाई तर काय कराव?"

बाबा माझ्याकडे पाहू लागले, मी बाबांकडे. वर्षभर एक संपूर्ण देश सभासद होता, आणि ही गोष्ट त्या देशालाच माहीत नव्हती.

"बस कितीची हाय तुमची?" काकांनी बॅगेकडे पाहत विचारलं.

"बस?" बाबा म्हणाले. "कायची बस?" आणि बॅग माझ्या हातात देऊन, फाटकामागचं रिकामं पोतं काखेत मारून ते लूनावर मागे बसले. गोवऱ्या कुठे मिळतात हे या भूगोलाच्या मास्तराला ठाऊक नव्हतं. ते काकांना रस्त्यातच विचारू लागले होते.

दुपारी मी एकटीच बातम्या लावून बसले. दहा झेंड्यांच्या रांगेत अकरावा आला. मला त्या देशाचं काय पडलं होतं? तरी मी पदराने डोळे पुसत होते.

बाबा दिवे लागताना आले. सदऱ्यावर राख, बोटं काळी.

"बाबा, घेतलं तिमोरला."

"हो काय? बरं झालं," म्हणाले आणि सरळ मोरीत हात धुवायला गेले. मग तिथूनच, साबण लावता लावता, मोठ्याने सांगू लागले, "फिटर मले काय बोलला मालूम हाय? गोवऱ्या ओल्या आणल्या म्हणे. धूरच धूर. 'इतका शिकलेला माणूस, वाळली गोवरी ओळखता येत नाई.' सगळ्यायसमोर बोलला. आन् तूप? चमचाभर. तेही मागून घ्या लागलं मले."

आई गेल्यापासून त्यांचा आवाज एवढा मोठा कधी झाला नव्हता.