सत्तर नको

कसबा पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाजिमाचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक ओटा आणि मागं फळ्यांवर रांगेनं लावलेल्या बांगड्या. लग्नाचा हिरवा चुडा भरायला लांबलांबच्या बायका तिच्याकडं येतात, कारण नाजिमाच्या हातून बांगडी वाढत नाही. नवरीच्या हातात बांगडी फुटलेली कुणाला चालते? फुटली असंसुद्धा आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो.

गेल्या दिवाळीनंतर मात्र तिच्या हातून बांगड्या वाढायला लागल्या. एका नवरीच्या हातात तर लागोपाठ वाढल्या. नवरीची आत्या म्हणाली, "काय गं नाजिमा, आज हात घरी विसरून आलीस?" सगळ्या हसल्या. नाजिमाही हसली. बायका गेल्यावर तिनं हात माझ्यापुढं धरले. बोटांची टोकं चुन्यासारखी पांढरी, आणि कातडी इतकी ताणलेली की चिमटीत येईना.

"ललिताताई, दुसरीचा हात दाबला की कुठली बांगडी बसेल ते मला कळायचं. आता या बोटांना काही कळतच नाही."

ती डॉक्टरांकडं गेली नव्हती असं नाही. गेली होती, तेही दोनदा. थंडीनं होतं म्हणून त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. शेवटी माझ्या भाचीनं सांधेवाताच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. त्यांच्याकडं जायच्या सकाळी मी नाजिमाला न्यायला गेले, तर ही कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसलेली. शेजारी तेलाची वाटी.

"हे काय चाललंय?"

"ताठलेल्या हातांनी कुणापुढं बसायचं नाही. अम्मीची शिकवण आहे."

"अगं बाई, चुडा भरायला चाललीस का डॉक्टरकडं? मागच्या वेळीही अशीच गेली होतीस?"

तिनं मान डोलावली. दोन्ही वेळा तिनं बोटं शेकून, चोळून, छान लाल करून डॉक्टरांना दाखवली होती. त्यांना दिसणार काय, कपाळ! मी पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं.

डॉक्टरीणबाईंनी तिची गार बोटं कितीतरी वेळ हातात धरली. नखांच्या मुळाशी भिंग लावून पाहिलं.

"रक्त तपासू," त्या म्हणाल्या. "शरीर कधीकधी आपल्याच अंगावर उठतं. तसं झालं असेल तर रक्तात खुणा सापडतात. पहिली तपासणी एएनए. ती धडधाकट माणसातही कधी पॉझिटिव्ह येते, म्हणून तेवढ्यावर घाबरायचं नाही. पण तुमचे हात बघता पुढच्या दोनही करू. एक सेंट्रोमिअर, दुसरी एससीएल-सत्तर. सेंट्रोमिअर आली तर आजार बहुतेक सावकाश चालतो. सत्तर आली तर फुप्फुसांकडं लगेच बघावं लागतं."

नाजिमाच्या डोक्यात तेवढंच राहिलं. सत्तर.

एएनए पॉझिटिव्ह आली, आणि चांगलीच जोरात आली. बाकीचे दोन रिपोर्ट यायचे होते. ते दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. नमाज झाली की ती बोटांच्या पेरांवर मोजत अल्लाहचं नाव घेते. आता अंगठा करंगळीपर्यंत पोचत नव्हता.

"ताई, आजवर 'बरं कर' म्हणून मागितलं. आता म्हणते, आजार दे, पण सत्तर नको. असं मागतं का कुणी?"

"माग गं. मागायला काय जातंय?"

आमच्यात खरं तर मागायचं नसतं, मन शांत करायचं असतं. पण सकाळी बुद्धापुढं मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणताना माझ्याही तोंडात तेच आलं. सत्तर नको.

रिपोर्ट डॉक्टरीणबाईंनी उभ्याउभ्याच वाचला. मग खुर्ची ओढून नाजिमाच्या जवळ बसल्या. त्यांनी खुर्ची ओढली तेव्हाच मला कळलं.

"सत्तर आलीय, नाजिमाताई. नुसत्या या कागदावर पुढचं सगळं ठरत नाही. औषधं आहेत. पण छातीचं सीटी आणि श्वासाची तपासणी उद्याच करायची."

नाजिमानं फुप्फुसांचं काही विचारलं नाही. "चुडा भरता येईल ना?" एवढंच म्हणाली.

"काचेला हात लावू नका. कापलं तर तुमची जखम लवकर भरणार नाही."

परत आलो तेव्हा ओट्यावर सबा, तिची मुलगी, ऑफिसला सुट्टी टाकून एका बाईला बांगड्या भरत होती. घाबरून तिच्या कपाळावर घाम आलेला. नाजिमा लांबच बसली. "घाई नको. अंगठा आत दाब त्यांचा. हां, आता सरकव." सांगता सांगता तिला खोकला आला.

शेजारच्या घरात मिरचीची फोडणी पडली होती. ठसका मलाही लागला होता, सबालाही. तरी नाजिमानं वळून माझ्याकडं पाहिलं.

"मिरची गं," मी म्हणाले.

ती छातीवर हात ठेवून पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली.