ट्रेमरचं कुळ

माझे वडील पनवेलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. चाळिशी उलटली आणि त्यांचा उजवा हात थरथरू लागला. फळ्यावरची अक्षरं नागमोडी जायला लागली. दारूबंदीचे दिवस होते. ज्याचा हात कापतो तो चोरून पितो, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. वडिलांनी उभ्या जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

शाळेच्या कमिटीने डॉक्टरांची चिठ्ठी मागवली. चिठ्ठीत आजार म्हणून एकच शब्द होता, ‘ट्रेमर’. नोकरी राहणार की जाणार, हे आता त्या शब्दावर होतं. हातात कागद धरवत नाहीत म्हणून वडिलांनी मला बरोबर नेलं.

अध्यक्ष भातगिरणीचे मालक, तसे भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्या शब्दाचा अर्थ काय हाय?"

‘कंप’ म्हणून थांबायचं की नाही! पण शब्दाबद्दल कोणी विचारलं की वडिलांना राहवत नसे. लॅटिनमधलं ‘त्रेमेरे’, म्हणजे थरथरणं, इथपासून त्यांनी सुरुवात केली. त्यातून ट्रेमर आला, ट्रेंबल आला. ज्याच्यापुढे थरकाप उडावा ते ट्रेमेंडस, पुढे लोकांनी त्याचा अर्थ नुसता ‘प्रचंड’ करून टाकला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता. मग म्हणाले, "दारुड्याची दारू तुटली की जो झटका येतो ना, त्याच्या नावातही हेच मूळ आहे. ट्रेमेन्स."

"मंजे दारूचाच," अध्यक्ष हळूच म्हणाले. मूळ एक असलं तरी शब्द वेगळे, असं वडील समजावत राहिले. कोणी ऐकत नव्हतं.

वाटेत मी चिडून विचारलं, "अण्णा, तो शेवटचा शब्द सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं होतं," ते म्हणाले. "अर्धवट कसं सांगणार?"

त्यांना घरी बसवलं. फेरविचाराचा अर्ज मी लिहिला, खाली सही मात्र त्यांचीच हवी होती. डाव्या हाताने उजवा घट्ट धरून त्यांनी ती केली. मी अर्ज नेऊन दिला. अध्यक्षांनी तो बराच वेळ पाहिला. "पोरी, ही सही बघ. आमी आता काय करनार?" त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून भांडताही आलं नाही.

वडील पुन्हा वर्गावर गेले नाहीत. त्यांची जुनी सही मला हुबेहूब येत होती. ती मी केली नाही, कारण खोटं लिहू नये हे त्यांनीच शिकवलं होतं. याचा मला अजून राग येतो, त्यांचाही आणि माझाही.