निंगप्पाचा तळहात

“हात अडला की माणूस बाहेर, मग तो माझा मेव्हणा का असंना,” असं निंगप्पा एकदा म्हणाला होता, आणि मेव्हण्याला त्यानं खरोखरच बाहेर काढलं होतं.

सोलापुरात शिवलिंगप्पांच्या चादरीच्या कारखान्यात तो जॉबर, म्हणजे विणकर पारखून घेणारा मुकादम होता. कामाला नवा विणकर आला की निंगप्पा मागावरच्या ताण्याचे पाच उभे धागे कात्रीनं तोडायचा. ते सांधून विणकरानं वीतभर साधं पांढरं कापड विणायचं. मग निंगप्पा डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचा. गाठी खालच्या अंगाला गेल्या असतील तर हात तेलावरून गेल्यासारखा जायचा. वर राहिल्या असतील तर अडायचा. डोळे मिटायचे ते समोरचं तोंड दिसू नये म्हणून. जात, ओळख, डोळ्यांतलं पाणी, काही आत येऊ द्यायचं नाही. त्या तळहाताला लोक देवाच्या कौलासारखं मानत.

एकाहत्तरच्या मार्गशीर्षात पूर्व बंगालातून पळून आलेली बारा विणकर कुटुंबं छावणीतून सोलापूर स्टेशनावर उतरली. लढाई तोंडावर आली होती. पाकिटांवर शरणार्थ्यांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लागायला लागलं होतं, आणि कारखान्याच्या काचांना काळा कागद चिकटवायचं काम चालू होतं. गावातल्या कारखानदारांनी मिळून शिवलिंगप्पांच्या आवारात पाच खोल्या मोकळ्या केल्या होत्या. पाच कुटुंबं ठेवायची, सात परत छावणीत. छावणीत पटकीची साथ होती.

कोणती पाच, यावर बैठक तापली. एक म्हणाला, लहान पोरं असतील ती. दुसरा म्हणाला, धडधाकट असतील ती. तिसऱ्यानं देवधर्म काढला. शेवटी शिवलिंगप्पा म्हणाले, “भांडता कशाला? निंगप्पाचा हात हाय की.”

सगळ्यांना हायसं वाटलं. निंगप्पालाही.

घरी त्याची बायको दानम्मा सुताच्या कांड्या भरता भरता म्हणाली, “माझ्या भावाला डोळं मिटून काडलंत. आता ह्यांच्यावर बी मिटा.”

“डोळं उघडून काडलं असतं तर बरं वाटलं असतं व्हय तुला?”

“निदान तुमाला वाईट वाटलं असतं.”

सकाळी शेडमध्ये कुटुंबामागं एक विणकर मागावर बसू लागला; नववा हरिपद नावाचा, उंच, वाळका. शेडच्या दाराशी त्याची म्हातारी आई बसली होती, आणि तिच्या मांडीवर तापानं फणफणलेली त्याची मुलगी. निंगप्पानं तिकडे पाहिलं नाही. कापड झालं. त्यानं डोळे मिटून हात फिरवला. हात अडला. पुन्हा अडला. पाच वेळा.

“बाहेर.”

डोळे उघडले तेव्हा हरिपद त्याच्यासमोर हात पुढे करून उभा होता. पंजा उताणा करी, पालथा करी, पुन्हा उताणा. तोंडानं काहीतरी बोलत होता, ते कुणालाच कळत नव्हतं. निंगप्पाला ते मागणं ओळखीचं वाटलं. मेव्हण्यानंही असाच हात पसरला होता. त्यानं दहाव्याला हाक मारली. दिवस मावळेपर्यंत पाच आत झाले, सात बाहेर.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी संध्याकाळी पाचला होती. नापास झालेल्यांचे सात तुकडे निंगप्पानं घरी आणले होते. दुपारी तवा उचलायला दानम्मानं त्यातला एक घेतला आणि तिचा हात तिथंच थांबला.

“ह्यात कुटं हाय गाठ?”

“पाच हायत. मी मोजल्यात.”

“त्या खालनं हायत. हिकडनं बगा की.”

तुकड्यावर नवाचा आकडा होता, हरिपदाचा. निंगप्पानं तो उलटून घेतला, डोळे मिटले. हात तेलावरून गेल्यासारखा गेला. तीस वर्षांत असं कापड त्याच्या हाताखालून गेलं नव्हतं. त्या माणसाच्या गावी कापड उलटं विणत असणार; गाठी वर, डोळ्यांसमोर, आणि चांगलं अंग खाली. तो हात पसरत नव्हता. कापड उलटं करा, एवढंच सांगत होता.

उरलेले सहा तुकडे उलटून पाहायची निंगप्पाची छाती झाली नाही.

तो धापा टाकत शिवलिंगप्पांच्या ऑफिसात गेला. “मालक, हरिपदाला ठेवा. चूक माझी हाय.”

शिवलिंगप्पांनी घड्याळ पाहिलं. गाडीला दीड तास होता.

“ठेवू की. पर खोल्या पाचच. त्याच्या जागी कोण जाईल?”

“सहावी खोली काडा.”

“आन मग सातवी? बारा होतील, निंगप्पा. मागनं आणखी येतील.” त्यांनी यादी पुढे सरकवली, वर पेन्सिल ठेवली. “तुमच्या हातानं आत घेतलेत. तुमीच एक नाव खोडा.”

खिडकीतून पाच खोल्यांची रांग दिसत होती. दारांपुढे चुली पेटल्या होत्या. कुणीतरी दोरीवर एक लहान झबलं वाळत घातलं होतं.

निंगप्पानं सवयीनं डोळे मिटले आणि तळहात यादीवर ठेवला. पहिल्या नावावरून पाचव्यापर्यंत फिरवला. कागद गुळगुळीत होता. हात कुठंच अडला नाही.

त्यानं डोळे उघडले. पेन्सिल होती तिथंच राहू दिली, आणि एकही नाव न खोडता तो बाहेर पडला.