माधव जपानला का गेला नाही

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही ना मला ओळखता, ना माधवला — आणि आता पोटात ठेववत नाही.

नांदेडात माझा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकं माझ्यामागं मला ‘जपानी’ म्हणतात. म्हणणारच की! भिंतीवर क्योटोच्या गल्ल्या, मोबाइलवर जपानीचे धडे. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मी अर्धं पान कोरं सोडणार — तिकडचे लोक जागा मोकळी सोडतात तशी — आणि मग नवरीचा मामा भांडायला येणार, तेवढ्या जागेत आमच्या आत्याचा फोटो का बसवला न्हाई म्हणून. पंधरा वर्षांचं हे वेड. गेलो मात्र कधीच नाही. आधी बहिणीचं लग्न, मग घर, मग पोरांच्या शाळा. पण जपान माझा होता. हसा खुशाल.

माधव भोकरचा. माझ्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा, कॅमेरा माझ्याकडं शिकला, मला दादा म्हणायचा. सवड मिळाली की अर्धापूरला केळीच्या मळ्यात जाऊन बसायचा. खांद्यावर घड घेऊन चिखलातून चालणारी माणसं टिपायचा. मी चिडवायचो, लेका, केळीत काय हाय? आणि मीच — हो, मीच — त्याला एका जपानी फोटोग्राफी मंडळाची जाहिरात दाखवली. दोघांनीही फोटो पाठवले. बोलावणं त्याला आलं. चेरी फुलते तेव्हा दहा दिवस, तिकीट त्यांचं.

मला? भाग घेतल्याबद्दल आभार.

पेढे मीच आणले. त्याच्या गळ्यातही पडलो. पण पोटात असं दुखलं म्हणता — तुमचं दुखलंय का कधी असं, आपल्याच माणसाचं भलं झालं म्हणून? तो रोज विचारायचा, दादा, तिथं बूट कुठं काढायचे? काड्यांनी भात कसा खायचा? मी शिकवायचो. दातओठ खात शिकवायचो. पंधरा वर्षं घोकलं मी, आणि जाणार कोण — ज्याला क्योटो नकाशात दाखवता येत नव्हतं तो!

त्याच्या पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आले, तेव्हा माधव उदगीरला लग्नाच्या ऑर्डरवर गेला होता. तीनच दिवस. घरमालक म्हणून त्यांनी मला विचारलं, हा इथंच राहतो ना?

जरा थांबतो इथं. कारण — इथपर्यंत मी नुसता जळणारा माणूस होतो. तसे गावात पुष्कळ असतील.

मी म्हणालो, "सामान हाय साहेब त्याचं. पण तो राहत न्हाई इथं. उदगीरलाच असतो."

त्यांनी लिहून घेतलं. मी चहा पाजला, वर बिस्किटं दिली. अर्ज अडकला. पासपोर्ट कचेरीतून आलेल्या कागदावर ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ एवढंच होतं. कुणी सांगितलं, ते नव्हतं. मग मी काय केलं? माधवला घेऊन ठाण्यात गेलो. ते हवालदार सुटीवर होते, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. बाहेर पायरीवर येऊन मी मोठ्यानं बोललो — काय चौकशी करायलेत हे लोक! दुसऱ्यांदा चौकशी झाली, तेव्हा खरं सांगितलं. पण पासपोर्ट हातात येईपर्यंत तिकडची फुलं गळून गेली होती. त्याच्या जागी दुसराच कुणी जाऊन आला.

माधव म्हणाला, "जाऊ द्या दादा. तुम्ही लई पळालात माझ्यासाठी."

आता तो फक्त लग्नांच्या ऑर्डरी घेतो. मळ्याकडं फिरकत नाही. त्याचे ते फोटो माझ्यापेक्षा चांगले होते, फार चांगले. हे मी त्याला कधी म्हटलं नाही.

तुम्हाला वाटेल, बोलण्याच्या भरात तोंडून निघून गेलं असेल. नाही. हवालदार फाटक उघडताना दिसले, तेव्हाच मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. आणि ते गेल्यावर मला भीती वाटली नाही. लाजही वाटली नाही. बरं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.